सड्यावर उतरलेलं इमान

सायकलवरनं?

माधवा, पोरांचं घर बांधणाऱ्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं. त्यांनी मान हलवली. मी परत विचारलं. परत मान हलवली. आणखी एकदा विचारलं तेव्हा त्या खाली वाशावर बसल्या आणि म्हणाल्या, "आबा, कितीदा विचाराल? उत्तर तेच आहे."

विमानातनं पडला असतास तर मला कळलं असतं. ऊर बडवून घेतला असता, चार जणांना सांगितलं असतं की मी म्हणत होतो ना. त्याची तयारी मी तुझ्या पहिल्या फेरीपासून करून ठेवली होती. पण हे कसलं? पुण्यात तुझ्याच गल्लीच्या वळणावर, कुणी अंगण धुतलेलं पाणी रस्त्यावर आलेलं, त्यावर चाक घसरलं आणि कडेच्या दगडावर डोकं. हँडलला भाजीची पिशवी. बाई म्हणाल्या, पिशवीत मेथी होती. मेथी होती हे मला कशाला सांगितलं कुणास ठाऊक. तेव्हापासून मला रस्त्यावर सांडलेली मेथीच दिसते. तू दिसत नाहीस.

मी तेव्हा पोरांच्या घरासाठी वासा तासत होतो. बाई गेल्यावर तो पुरा तासला. मग वाडीवरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, गेलो आणि वर बघत उभा राहिलो. आभाळ मोकळं होतं. घारसुद्धा नव्हती.

तुझी मित्रमंडळी आठवणींचं पुस्तक काढतायत. बाई म्हणाल्या, आबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी म्हटलं, माझं माणूस गेलंय, माझं मी लिहीन. दुसरीपर्यंत शिकलोय. मास्तर वारला म्हणून शाळा बंद पडली, माझं डोकं बंद पडलं नव्हतं. तुझा जन्म कुठला, तू काय शिकलास, कुणाचा कोण, ते बाकीचे लिहितील. मला त्यातलं काही ठाऊक नाही आणि तू असताना कधी विचारावंसं वाटलं नाही. मला तू ठाऊक आहेस तो या सड्यावरचा.

तू पहिल्यांदा आलास तो पायी आलास. धरणाशी मोटार सोडलीस, होडीनं पाणी ओलांडलंस आणि कुणाला न विचारता आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर मोजायची फीत धरून चालायला लागलास. काखेत लाकडी खुंट्या, प्रत्येक खुंटीला तांबडी चिंधी. मी खालनं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. काठी घेऊन वर आलो ते आठवतंय ना? काठी कशाला होती ते तू नंतर बऱ्याचदा विचारलंस आणि मी दर वेळी सांगितलं, गुरांसाठी. गुरांसाठी नव्हती.

मला मिसरूड फुटत होतं तेव्हा असेच लोक आले होते. हातात फीत, काखेत खुंट्या, खुंटीला तांबडी चिंधी. गोड बोलायचे. म्हणाले, खुंटीपर्यंत पाणी येणार, पलीकडं नाही. पाणी आलं ते खुंट्या बुडवून आलं. आमचं जुनं गाव, भाताची खाचरं, माझ्या बापानं बांधलेला गोठा, सगळं त्या धरणाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं जोतं वर येतं आणि म्हातारी माणसं काठावर जाऊन हात जोडतात. आम्हाला उरला तो हा सडा. खाली कातळ, वर बोटभर माती, पावसाळ्यानंतर मांडीएवढं गवत. तिथं खुंटी ठोकणाऱ्याला मी काय म्हणून उभा करीन?

मी विचारलं, "कुणाची मोजणी?"

"कुणाची नाही. विमान उतरवायला जागा बघतोय."

"इमान?"

तू हसलास. "इमान नाही हो आबा, विमान."

"आमच्यात इमानच म्हणत्यात. आन् ते आमी उतरवत न्हाई, राखतो."

तुझं हसू थांबलं. मला त्या वेळी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शिकलेल्या माणसाला गप्प करायला मिळालं की दिवस चांगला जातो.

मग तू कातळावर बसलास आणि सांगितलंस. खाली बाई पोरांचं घर बांधतायत हे मला माहीतच होतं, मीच त्यांना बांधकामाचा दगड दाखवला होता. ज्यांचे आईबाप कोळसा पाडत डोंगरोडोंगर फिरतात ती कातकऱ्यांची पोरं, धनगरांची पोरं, पाण्यापलीकडच्या वाड्यांवरची पोरं, त्यांना एका जागी राहायला घर आणि शेजारी शाळा. दगड, माती, लाकूड आमचं. पण खिळे, बिजागऱ्या, बोल्ट, सिमेंटची पोती, औषधं, दुधाची भुकटी हे पुण्याहून यायचं. आणि बांधकामाचे दिवस म्हणजे उन्हाळ्याचे, तेव्हाच नेमकं धरणाचं पाणी आटतं, काठाला मांडी मांडी चिखल होतो, होडी लागत नाही. घाटाची वाट पायाची. म्हणून तू आणि तुझे दोस्त सुट्टीच्या दिवशी तुमच्या उडायच्या क्लबाचं छोटं विमान घेऊन, पदरचं पेट्रोल घालून, सामान आणणार होतात. आठवडाभर तू तुझ्या गॅरेजात मोटारी दुरुस्त करायचास आणि रविवारी आमच्याकडं यायचास. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणालास, "मला उडायला आवडतं. मग रिकामं कशाला उडायचं?" मला असं उत्तर पटतं. पुण्य, सेवा म्हणाला असतास तर उठून गेलो असतो.

पण मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, आधी खुंट्या उपट, मग बोलू.

तू सगळ्या उपटल्यास. एक कातळाच्या फटीत अडकली होती, ती हलवून हलवून काढलीस. सगळ्या माझ्या हातात दिल्यास आणि म्हणालास, "चुलीत घाला. या सड्यावर माझी एक खुंटी राहणार नाही. उतरेन, सामान ठेवीन, जाईन. गवत तुमचं, सडा तुमचा."

मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात. माझ्या म्हातारीनं त्याच खुंट्यांवर तुला चहा करून दिला.

तुझा शब्द खरा निघाला हे मला इथं लिहायचं आहे, कारण तोंडावर मी ते कधी म्हटलं नाही. किती फेऱ्या झाल्या असतील तुझ्या. आज सड्यावर जाऊन बघ, चाकांनी दबलेलं गवत सोडून तुझं काही सापडायचं नाही. आमच्या मुलखात येऊन काही न ठोकता गेलेला तू पहिला माणूस.

जाऊन बघ म्हणतोय. बघ, हात असं लिहून जातो.

पहिल्या दिवशी सगळी वाडी वर आली होती. आदल्या आठवड्यात आपण धोंडे वेचले, तुझ्या तळहाताला फोड आले आणि तू ते लपवत होतास. विमान टेकलं, उडालं, परत टेकलं आणि बांधावर जाऊन थांबलं. तू उतरलास तर म्हातारी मीठमोहऱ्या घेऊन पुढं. तुझ्यावरनं उतरून टाकल्या. तू विचारलंस, "आजी, माझीच का? विमानाची दृष्ट नाही काढायची?"

"त्ये लोखंडाचं हाय. त्याला कशाची दिष्ट? तू मऊ हायेस."

किती हसलो आपण. मऊ हायेस, म्हणाली. आता ती चुलीपाशी बसून मलाच विचारते, मी त्या वेळी अजून थोडं मीठ घ्यायला पाहिजे होतं का हो. मी तिच्यावर ओरडतो. ओरडून काय होणार आहे.

नंतरचा तो धुराचा गोंधळ. ती गोष्ट तुझ्या दोस्तांना तू माझ्या नावावर सांगायचास, मी आज खरी लिहून ठेवतो. वरनं वारा दिसत नाही, वाऱ्याच्या तोंडावर उतरावं लागतं, म्हणून सड्यावर एक धूर करायचा असं आपलं ठरलं. धूर जिकडं झुकेल त्यावरनं तू समजणार. दोन-तीन फेऱ्या झकास झाल्या. आणि मग राब भाजायचे दिवस आले. आता राब म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला काय ठाऊक. भाताचं रोप जिथं करायचं त्या वाफ्यावर फांद्या, शेण, पालापाचोळा पसरून आम्ही पेटवतो. वाडीनं एका दिवशी पेटवलं की पलीकडची वाडी बघून पेटवते. तू आलास त्या दिवशी सगळं खोरं धुरात. इकडचा धूर तिकडं, तिकडचा इकडं, डोंगराच्या घडीत वारा फिरतो तसा. तू वर घिरट्या घातल्यास आणि पलीकडच्या सड्यावर जाऊन उतरलास, धनगराच्या म्हशींत.

उन्हं कलायला तू खांद्यावर खिळ्यांचं पोतं घेऊन चालत आलास. तोंड काळं, चपलेचा अंगठा तुटलेला.

"आबा, एक धूर ठरला होता."

"एकच केला की. माझा कुटला त्यो तुला वळखता येईना, त्याला मी काय करू?"

"सगळ्यांना सांगायचं, आज पेटवू नका."

"तुज्या इमानासाठी भात न्हाई लावायचं?"

तू पोतं खाली आपटलंस. मग तूच आधी हसलास. तेव्हा तू ती गोष्ट सांगितलीस. म्हणालास, आबा, घिरट्या घालताना धुरात मला काही दिसत नव्हतं, सडा नाही, वाडी नाही. फक्त एक तांबडा ठिपका दिसत होता. तुमचं मुंडासं. खाली तुम्ही उभे आहात एवढं कळत होतं, पण वारा कुठला ते कळत नव्हतं.

त्या दिवसापासून धूर बंद. वारा ज्या टोकाकडनं येईल त्या टोकाच्या उंच कातळावर मी उभा राहायचं, आणि तू माझ्याकडं तोंड करून उतरायचं. सोपं काम. बोट ओलं करून वर धरलं की झालं. रविवारी सकाळी मी मुंडासं घट्ट बांधायचो, म्हातारी चिडवायची, लग्नाला निघालाय जणू. तू यायचास. कान आधी सांगायचे, मग डोळे. तू अगदी माझ्या अंगावर येतोयस असं वाटायचं आणि मी पापणी हलवायचो नाही. एकदा तू म्हणालास, आबा, थोडं बाजूला सरकत जा. मी म्हटलं, तू सरक.

आणि मग आपलं ते भांडण.

तू म्हणालास, माणसाच्या भरवशावर हे चालत नाही. माझ्याऐवजी दुसरा कुणी आला तर त्याला एक ठिपका कळणार नाही. त्याला लांब पट्टा हवा, वाऱ्याच्या टोकाला आडवा पसरलेला. बाईंच्या पोरांच्या चादरी पसरून बघितल्या, पण गवत वाळलं की सडाही पांढुरका, चादरीही पांढुरक्या, वरनं काही दिसेना. तांबडं पाहिजे. आणि तांबडं एवढं लांब सगळ्या वाडीत एकच होतं. मुंडासं. वीस हात लांब, माझ्या लग्नातलं. तू म्हणालास, "ते पसरून ठेवा. टोकांना खुंट्या नकोत, दगड ठेवा. मग तुम्ही असा की नसा."

मी म्हटलं, "भुईवर? मुंडासं?"

माधवा, हे तुला कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही. मुंडासं माणूस दोनदा खाली ठेवतो. कुणाच्या पायावर गयावया करताना, नाहीतर घरातलं माणूस गेल्यावर. धरणाच्या वेळी माझ्या बापानं स्वतःचं मुंडासं मोजणीच्या साहेबाच्या पायाशी ठेवलं होतं. साहेबानं बूट मागं घेतला आणि पुढं निघून गेला. मुंडासं तसंच पडून होतं. ते मी उचललं. तेव्हापासून माझ्या डोक्यावरचं कुणापुढं भुईला लागलं नाही आणि लागणार नाही. बापाची गोष्ट मी तुला सांगितली नाही. तुला एवढंच म्हटलं, "मी हाय तवर मी उभा ऱ्हाईन."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी कुटं चाललोय?"

"आबा, तुमचं वय झालं."

"मग त्या वक्ताला बघ तुजं तू."

दर रविवारी हेच. भाकरी खाताना, सामान उतरवताना, तू विमानात बसून पंखा फिरायला लागला तरी माझ्याकडं बघून डोक्यावर हात फिरवायचास आणि भुईकडं बोट दाखवायचास. मी मान हलवायचो. पुण्याच्या माणसात इतका हट्ट मी बघितला नव्हता. आपण दोघंही एक गोष्ट धरून चाललो होतो बघ. आधी मी जाणार. सगळं भांडण त्याच्यावर उभं होतं. मी गेल्यावर काय करायचं, यावर आपण दोन उन्हाळे भांडलो. तू गेल्यावर काय करायचं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

अजून पटत नाही मला. मी लिहितोय आणि कान बाहेर आहेत.

शेवटल्या फेरीला तू करवंदं खाल्लीस. ठकी, ती कातकऱ्याची मोठी पोर, पानाच्या द्रोणात घेऊन आली होती. घराच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, मातीत रचलेल्या. वर छपराच्या लाकडी कैच्या तयार होत्या, पण त्या जोडायचे बोल्ट पुण्याच्या दुकानात मापाचे मिळाले नव्हते. तू म्हणालास, करवून घेतो, पुढच्या रविवारी आणतो. बाई काळजीत होत्या. मृग लागला आणि वर छप्पर नसलं की मातीच्या भिंती बसणार. आणि घर बसलं की पोरं आईबापामागं डोंगरात जाणार, ती परत यायची नाहीत. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. तू म्हणालास, "बोल्ट माझ्यावर सोडा." मग माझ्याकडं वळलास. "आणि आबा, कापडाचं तेवढं बघा."

त्या दिवशी मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तोंडात करवंद होतं. तू ते काय समजलास? हो समजलास का? मी हे कुणाला विचारू आता?

तू गेल्याचं कळलं त्यानंतर मी मुंडासं काढलं नाही. आमच्यात घरचं माणूस गेलं की सुतकात डोकं उघडं ठेवतात आणि दिवस झाले की सोयरे येऊन बांधतात. मला वाटलं काढावं. पण भावकीतला एक जण म्हणाला, तुला कसलं सुतक, तो तुझा कोण लागतो? मी मुंडासं आणखी घट्ट आवळलं आणि वासे तासायला गेलो.

मग बाई परत आल्या. म्हणाल्या, बोल्ट तयार आहेत. माधवनं वारायच्या आदल्या दिवशीच लोहाराकडनं आणून ठेवले होते. शशी नावाचा त्यांचा दोस्त रविवारी घेऊन येतो म्हणतोय, पण तो या सड्यावर कधी उतरलेला नाही. त्याची एकच अट आहे. वाऱ्याच्या टोकाला तांबडा लांब पट्टा पाहिजे, खुंट्या ठोकून ताणलेला. तो दिसला तरच उतरणार, नाहीतर मागं फिरणार. बाई माझ्या डोक्याकडं बघत नव्हत्या. जमिनीकडं बघत होत्या. आपलं भांडण त्यांनी दोन उन्हाळे ऐकलं होतं.

मी म्हटलं, खुंट्या न्हाईत. त्या म्हणाल्या, बरं. मी म्हटलं, दगड बी न्हाईत. त्या म्हणाल्या, मग आबा? मी म्हटलं, रविवार येऊ दे.

मला तेव्हा काहीच सुचलेलं नव्हतं. नुसतं नाही म्हणायची सवय.

रविवारी सगळी पोरं सड्यावर आली. त्यांना बाईंनी अजून सांगितलं नव्हतं, जीभच उचलली नाही म्हणाल्या. पोरं नेहमीसारखी उड्या मारत होती, माधवकाका येणार म्हणून. मी बोट ओलं करून धरलं. वारा पाण्याकडनं होता. पाण्याकडच्या कातळावर गेलो. तिथं पोरांना बसवलं आणि मुंडासं उतरवलं. डोक्याला वारा लागला. किती वर्षांनी लागला असेल. एक पेच सोडला, दुसरा सोडला, आणि पोरं गप्प होत गेली, कारण माझं उघडं डोकं त्यांच्यातल्या कुणी बघितलेलं नव्हतं.

ठकी म्हणाली, "आबा, कोन गेलं?"

बघ, डोंगरातली पोर. तिला कळलं.

मी म्हटलं, "माधवकाका आता येनार न्हाई. दुसरा येतोय. त्याला वाट ठावं न्हाई. आपन दावायची."

"काका पडलं?"

"व्हय."

"इमानातनं?"

"न्हाई. सायकलवरनं."

माधवा, पोरं हसली. आबा चेष्टा करतोय असं वाटलं त्यांना. एवढ्या आभाळातनं येणारा माणूस सायकलवरनं पडेल कसा? आणि रागावू नकोस, मला पण हसू आलं. तोंडापर्यंत आलं आणि तिथंच दुसरं काहीतरी झालं. पोरांनी माझ्याकडं बघितलं आणि हसायची थांबली. धाकटी होती ती रडायला लागली. पण वर आवाज आला होता, रडायला वेळ नव्हता.

तेव्हा सुचलं. तेव्हा, आवाज डोक्यावर आल्यावर. मी ठकीच्या हातात एक टोक दिलं आणि तिला कातळाच्या कडेला उभं केलं. दुसरं टोक माझ्या हातात. मधली सगळी पोरं रांगेत, प्रत्येकाच्या दोन्ही मुठीत मुंडासं, हात डोक्याच्या वर. ताणून धरा म्हटलं, भुईला लागू द्यायचं न्हाई. वीस हात तांबडं, वाऱ्यानं फडफडतंय, आणि खाली पोरंच पोरं. खुंटी नाही, दगड नाही.

तुला हे दाखवायला पाहिजे होतं. दोन उन्हाळे भांडलो आणि उत्तर हे होतं. तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही. तुझ्यामाझ्या हट्टात पोरांकडं बघायला कुणाला सवड होती?

त्यानं एक घिरटी घातली. दुसरी घातली. मागं वळला असं वाटलं, पाण्याकडं गेला, आवाज बारीक झाला. एका पोराचे हात खाली यायला लागले तर ठकीनं त्याला शिवी घातली. बाई खाली उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मग आवाज परत मोठा झाला आणि तो वळसा घालून समोरनं आला, सरळ आमच्या तोंडावर, तू यायचास तसा. पोरांनी पापणी हलवली नाही. मी हलवली.

शशी उतरला. तुझ्यापेक्षा लहान, चष्मेवाला. बोल्टची पेटी बाईंच्या पायाशी ठेवली आणि मग सरळ माझ्याकडं आला. मी उघड्या डोक्यानं उभा. त्यानं विचारलं, "आबा, इमान इथंच राहू दे, की मागं घेऊ?"

मी म्हटलं, "काय म्हनालास?"

"इमान." तो गोंधळला. "माधव आम्हाला नेहमी सांगायचा, त्या सड्यावर गेलात तर विमान म्हणायचं नाही, इमान म्हणायचं. आबांना विमान चालत नाही."

म्हणजे तू हरला होतास. माझ्यासमोर शेवटपर्यंत "विमान, आबा, वि-मान" करत होतास आणि पाठीमागं पुण्याच्या माणसांना इमान शिकवत होतास. हे मला कुणी तू असताना सांगितलं असतं तर तुला मी किती छळलं असतं.

मी त्याला म्हटलं, राहू दे हितंच.

पोरांनी मुंडासं गोळा करून आणलं, सगळं पिळा पडलेलं, घामानं ओलं. ते त्या शशीच्याच हातात दिलं, कारण तो जवळ होता. तो बिचारा हातात घेऊन उभा, काय करायचं कळेना. म्हणाला, "आबा, हे…"

मी खाली मान केली. म्हटलं, "बांध."

त्याला बांधता येत नव्हतं. जखमेला पट्टी गुंडाळतात तसं गुंडाळलं, एक कान आत, एक बाहेर. म्हातारी बघत होती, तिला समजलं काय चाललंय ते, ती पदर तोंडाला लावून बाजूला गेली. भावकीतला तो पण तिथंच होता.

बोल्ट मापाचे निघाले. कैच्या चढल्या, वर कौलं पडतायत. मृगाला अजून अवकाश आहे. पोरं आपापली वळकटी कुठं ठेवायची यावरनं आतापासून भांडतायत.

शशीनं बांधलेलं मी अजून सोडलेलं नाही. वाकडं आहे, झोपताना टोचतं. राहू दे. आणि आपल्या भांडणाचं म्हणशील तर, माधवा, तू म्हणालास तसा पट्टा झाला, वीस हात, आडवा, वाऱ्याच्या टोकाला. पण मुंडासं भुईला लागलं नाही. एक बोट नाही.